हॉलमध्ये वेगवान, मागच्या खोलीत मंद : घरातील इंटरनेटची वारंवार येणारी तक्रार आणि तिचे निवारण

फायबर जोडणी घेतलेल्या घरांतून एक तक्रार जवळजवळ सारख्याच शब्दांत ऐकू येते. योजना १०० किंवा २०० एमबीपीएसची असते आणि हॉलमध्ये मोबाइलवर वेग तपासला तर आकडाही त्याच्या आसपास दिसतो. परंतु मागच्या बेडरूममध्ये संध्याकाळी सातनंतर व्हिडिओ कॉलवरील चेहरे गोठतात, मुलांच्या ऑनलाइन शिकवणीचा आवाज तुटतो आणि टीव्हीवरील चित्रपट मध्येच थांबतो. राउटर बंद करून पुन्हा चालू केला की काही वेळ बरे चालते आणि मग मूळ दुखणे परत येते. कंपनीचा माणूस येतो, राउटरशेजारी उभा राहून स्वतःच्या मोबाइलवर पूर्ण वेग दाखवतो आणि आमच्याकडून सगळे व्यवस्थित आहे असे सांगून निघून जातो. त्यानंतर बहुतेक कुटुंबे अधिक महागडी योजना घेतात किंवा बाजारातून रिपीटर, म्हणजे वाय-फायचा संदेश ऐकून पुन्हा पाठवणारे यंत्र, आणून मागच्या खोलीतील सॉकेटला लावतात, आणि या दोन्ही गोष्टींनी पैसे जातात पण तक्रार जात नाही.

याचे कारण असे की, कंपनी योजनेतील वेग फायबर जिथे संपते त्या पेटीपर्यंत आणून देते. तिथून पुढचे आठ-दहा मीटर घराच्या भिंतींतून जायचे असतात आणि त्या अंतराची व्यवस्था आपली असते. माझ्या पाहण्यात या तक्रारीचे मूळ बहुधा तिथेच असते. म्हणून योजना बदलण्यापूर्वी राउटरची जागा बदलावी, आणि जी उपकरणे जागची हलत नाहीत त्यांच्यापर्यंत एक तांब्याची केबल न्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र या दोन्ही कामांच्या आधी एक मोजणी अत्यावश्यक आहे.

आधी मोजणी, तीही केबल लावून

लॅपटॉपचे वाय-फाय पूर्ण बंद करावे, लॅन, म्हणजे घरातील जाळ्याच्या, केबलचे एक टोक राउटरच्या लॅन पोर्टमध्ये (खाचेत) आणि दुसरे लॅपटॉपमध्ये लावावे, आणि घरातील इतर मोठे वापर थांबवून वेगाची तपासणी करावी. ही तपासणी एकदा दुपारी आणि एकदा रात्री नऊच्या सुमारास करावी, कारण तक्रार रात्रीची असेल तर दुपारच्या आकड्यावरून काहीच सिद्ध होत नाही. केबलवरही रात्री वेग घसरत असेल तर दोष कंपनीच्या बाजूला आहे आणि पुढील मजकुरातील खटाटोप त्या घराच्या उपयोगाचा नाही. अशा वेळी दोन्ही वेळच्या तपासण्यांचे स्क्रीनशॉट जोडून लेखी तक्रार करावी व तक्रार क्रमांक जपून ठेवावा. ग्राहक सेवा केंद्राने दाद दिली नाही तर दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. केबल लावून घेतलेल्या मोजणीपुढे 'तुमचे वाय-फाय खराब असेल' हे उत्तर टिकत नाही, हा या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे.

आकडे वाचताना दोन ठिकाणी गल्लत होते. पहिली म्हणजे एमबीपीएस हे एका सेकंदातील मेगाबिट असतात, तर फाइल उतरवताना संगणक बहुधा मेगाबाइट दाखवतो; एका बाइटमध्ये आठ बिट असल्याने १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटपेक्षा अधिक वेगाने उतरणारच नाही, आणि त्यात तक्रारीचे कारण नाही. दुसरी गल्लत अधिक महत्त्वाची आहे. योजना २०० किंवा ३०० एमबीपीएसची असताना केबलवर आकडा ९४-९५ वर येऊन तिथेच खिळून राहत असेल, तर वाटेत कुठेतरी १०० एमबीपीएसचा जुना पोर्ट किंवा सदोष केबल आहे असे जवळजवळ खात्रीने समजावे. स्वस्त राउटरचे पोर्ट, यूएसबीला लावायचे जुने लॅन अडॅप्टर आणि आत एखादी तार तुटलेली केबल हे यातील नेहमीचे दोषी असतात. विंडोजमध्ये सेटिंग्जमधील नेटवर्क विभागात इथरनेट (केबलची जोडणी) उघडले की 'लिंक स्पीड' दिसतो. तिथे १००० असेल तर जोडणी गिगाबिटची आहे, १०० असेल तर कितीही मोठी योजना घेतली तरी त्या यंत्रावर ९५ च्या पुढे जाता येणार नाही.

केबलवरील मोजणी दोन्ही वेळा ठीक आली, की तोच लॅपटॉप वाय-फायवर घेऊन मागच्या खोलीत बसावे आणि इंटरनेटची नव्हे तर फक्त राउटरची पिंग, म्हणजे छोटा संदेश पाठवल्यावर उत्तर यायला लागणारा वेळ, तपासावी. राउटरचा पत्ता त्याच्या खालच्या लेबलवर छापलेला असतो. अनेक घरांत तो १९२.१६८.१.१ असा असतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजच्या आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या पत्त्याला सतत पिंग लावून पाच मिनिटे आकड्यांकडे पाहावे. हवेतील मार्ग निरोगी असेल तर उत्तर साधारणपणे १० मिलिसेकंदांच्या आत येत राहते. मध्येच १५०, ४०० असे आकडे उसळत असतील किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' ही ओळ दिसत असेल, तर बिघाड त्या खोलीपासून राउटरपर्यंतच्या मार्गात आहे हे सिद्ध झाले, कारण या तपासणीत कंपनीच्या जाळ्याचा संबंधच येत नाही. व्हिडिओ कॉलला एका बाजूस तीन-चार एमबीपीएस पुरतात, त्याला खरी गरज असते ती उत्तर अखंड आणि एकसारखे येण्याची. त्यामुळे वेगाचा आकडा ४० दिसत असूनही कॉल तुटतो, याचे कोडे बहुधा या पिंगमध्ये सुटते.

राउटरची जागा

फायबर बसवणारा कर्मचारी सर्वांत कमी वायर लागेल अशी जागा निवडतो. ती बहुधा मुख्य दारावरचा माळा, चपलांच्या कपाटाची मागची बाजू किंवा टीव्ही युनिटमधील बंद कप्पा अशी असते. या सर्व जागा घराच्या एका टोकाला असतात, म्हणजे राउटरच्या लहरींचा मोठा भाग जिन्याला आणि शेजाऱ्यांना मिळतो.

लहरींचे गणित येथे थोडक्यात पाहणे उपयुक्त ठरेल. मोबाइलवरील वाय-फाय अ‍ॅनालायझर प्रकारच्या अ‍ॅपमध्ये संदेशाची ताकद डीबीएममध्ये (एका मिलिवॅटच्या तुलनेतील डेसिबलमध्ये), उणे आकड्यात दिसते. उणे ५० उत्तम, उणे ६५ पर्यंत कॉलसाठी भरवशाची, उणे ७५ च्या पुढे तक्रारींची सुरुवात आणि उणे ८० च्या पुढे जोडणी केवळ नावापुरती, असे ढोबळमानाने समजावे. हे मापन असे आहे की ३ डेसिबलची घट म्हणजे शक्ती निम्मी आणि १० ची घट म्हणजे दहावा भाग उरणे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की ६ डेसिबल जातात. परंतु घरात अंतरापेक्षा भिंतीच अधिक खातात. वाय-फायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्झच्या लहरी चार इंची विटेची भिंत बऱ्यापैकी पार करतात. आरसीसीचा कॉलम, लिफ्टची भिंत, टाइल्स आणि पाण्याचे पाइप असलेले बाथरूम, लोखंडी कपाट, फ्रीज आणि मोठा आरसा लावलेला वॉर्डरोब मात्र त्यांची फार हानी करतात. आरशाच्या मागे धातूचा थर असतो, त्यामुळे ज्या भिंतीला पूर्ण उंचीचा आरसा आहे तिच्यापलीकडे लहरी पोहोचतील अशी अपेक्षाच ठेवू नये.

बांधकामाच्या प्रकारानेही मोठा फरक पडतो. पुणे, ठाणे, नवी मुंबई येथील अनेक नव्या टॉवरमध्ये भिंती मायवान पद्धतीने, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून, पूर्णपणे काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. जुन्या विटेच्या इमारतीत एक राउटर जेवढे घर सांभाळतो, तेवढे या घरांत सांभाळत नाही, आणि तेथील रहिवाशांनी चांगला राउटर घेऊनही पाठीमागची खोली कोरडी राहते ती यामुळेच. कोकणातील व गोव्यातील जांभ्या चिऱ्यांच्या जाड भिंती आणि जुन्या वाड्यांच्या दगडी भिंती यांच्याबाबतही हाच अनुभव येतो. तेथे राउटर हलवण्यात फार वेळ न घालवता सरळ केबलकडे वळावे, असे मी सुचवेन.

भिंत लहरींच्या मार्गात आडवी येते की तिरकी, हेही पाहिले पाहिजे. राउटर हॉलच्या कोपऱ्यात असेल आणि बेडरूम तिरक्या दिशेला असेल, तर सहा इंचांची भिंत साठ अंशांच्या तिरकसपणामुळे लहरींच्या वाटेत बारा इंचांची होते. घराचा साधा नकाशा कागदावर काढून राउटरपासून प्रत्येक खोलीतील बसण्याच्या जागेपर्यंत पट्टीने रेघ ओढली, की कोणती रेघ बाथरूममधून, कॉलममधून किंवा कपाटातून जाते ते लगेच दिसते. मग जिथून कमीत कमी अडथळ्यांच्या रेघा निघतात अशी जागा शोधावी. ती बहुधा पॅसेजच्या तोंडाशी, बेडरूमची दारे जिथे समोरासमोर येतात तिथे असते. उंची साधारण खांद्याएवढी किंवा थोडी वर असावी. माळ्यावर सामानाच्या मागे किंवा जमिनीवर राउटर ठेवू नये. बाहेरचे अँटेना असतील तर हे ध्यानात घ्यावे की उभ्या अँटेनाच्या लहरी मेदूवड्याच्या आकारात आडव्या पसरतात आणि टोकाच्या वर-खाली फारशा जात नाहीत. म्हणून एकाच मजल्याच्या घरात सर्व अँटेना उभे ठेवावेत, आणि दुमजली बंगल्यात एखादा आडवा करावा.

येथे एक व्यावहारिक अडचण येते. पॅसेजमध्ये फायबर नसते. फायबरची वायर ओढून पेटी हलवण्याचा मोह टाळावा, कारण ही काचेची तार आहे आणि ३ सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवली तर प्रकाश बाहेर गळू लागतो. टीव्ही युनिटमागे घडी करून कोंबलेले फायबर हे अनेक घरांतील अनाकलनीय खंडांचे खरे कारण असते. पेटी आहे तिथेच राहू द्यावी, तिच्या लॅन पोर्टमधून एक केबल पॅसेजपर्यंत आणावी आणि तिथे वेगळा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केवळ वाय-फाय पसरवणारे केंद्र, म्हणून लावावा.

जागा निश्चित झाल्यावर वाहिन्यांची (चॅनेलची) व्यवस्था पाच मिनिटांत होते. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि सोसायटीत प्रत्येक शेजाऱ्याचा राउटर त्यांतच बोलत असतो. संध्याकाळी सगळे घरी आले की ही गर्दी वाढते. राउटर पुन्हा चालू केल्यावर थोडा वेळ बरे वाटते, त्याचेही कारण बहुधा हेच असते. अनेक राउटर चालू होताना त्या क्षणी मोकळी दिसणारी वाहिनी निवडतात आणि पुढे ती भरली तरी तिथेच बसून राहतात. म्हणून रात्रीच्या वेळी अ‍ॅपमध्ये पाहून या तिघींपैकी सर्वांत मोकळी वाहिनी स्वतः ठरवावी, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी आणि ३ किंवा ८ अशी मधली वाहिनी घेऊ नये, कारण ती दोन्हीकडच्या गोंगाटात सापडते. भारतात २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा परवान्याविना वापरण्यास खुला झाला, त्यामुळे तिथे जागा भरपूर आहे. मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही शक्यतो ५ गिगाहर्ट्झवरच ठेवावेत आणि २.४ हा पट्टा स्मार्ट बल्ब, गेटवरील कॅमेरा अशा संथ उपकरणांसाठी सोडावा. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, हे स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत बसणाऱ्यांनी विसरू नये.

रिपीटरविषयी मी आग्रहाने सांगेन की तो शेवटचा पर्याय समजावा. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग सरळ निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो जिथे संदेश मरतुकडा आहे त्याच खोलीत लावतात, म्हणजे मरतुकडाच संदेश जोरात सांगितला जातो. मोबाइलवर सर्व पट्ट्या भरलेल्या दिसतात आणि नेट मात्र चालत नाही, या विसंगतीचे मूळ यातच आहे. मेश संच, म्हणजे मिळून एकच वाय-फाय पसरवणाऱ्या पेट्या, यापेक्षा चांगले असतात, परंतु त्यांच्या दोन पेट्यांमध्येही काँक्रीटची भिंत असेल तर त्याही तिथेच अडतात. त्यांना एकमेकांशी केबलने जोडले तरच दिलेल्या किमतीचे चीज होते.

केबल ओढणे

केबल म्हटले की घर फोडावे लागेल अशी धास्ती वाटते आणि ती बहुतेक वेळा अनाठायी असते. आपल्याकडील फ्लॅटमध्ये कन्सील वायरिंग करताना बिल्डरने हॉल आणि बेडरूममध्ये टेलिफोनचे व टीव्हीचे पॉइंट दिलेले असतात आणि त्यांचे पाइप भिंतीत तयार असतात. बेडरूममधील टेलिफोनच्या पॉइंटची प्लेट स्क्रू काढून उघडावी. आत आठ रंगीत तारांची केबल दिसली आणि त्यांपैकी दोन-चारच वापरलेल्या असतील, तर काम जवळजवळ झालेच आहे. बाहेरच्या आवरणावर कॅट ५ई किंवा कॅट ६ अशी लॅन केबलची प्रत छापलेली असेल तर दोन्ही टोकांना लॅनचे सॉकेट बसवले की पुरे. आत फक्त दोन किंवा चार तारांची जुनी टेलिफोनची वायर असेल तर ती नव्या केबलला ओढून नेणारी दोरी म्हणून वापरावी.

हे काम दोघांनी करावे. जुन्या वायरचे आणि नव्या केबलचे टोक एकमेकांत गुंतवताना सर्व तारा एकाच ठिकाणी पिळल्या तर तिथे गाठ फुगते आणि पाइपच्या वळणात अडकते. म्हणून तारा कमी-जास्त लांबीच्या कापून सांधा निमुळता करावा, त्यावर काळी टेप घट्ट गुंडाळावी आणि केबलला थोडी टाल्कम पावडर लावावी. एकाने इकडून केबल सरळ ठेवून आत सरकवावी आणि दुसऱ्याने तिकडून हलक्या, अखंड हाताने ओढावे. हिसका देऊ नये, कारण सांधा तुटला तर पाइप रिकामा होतो आणि मग इलेक्ट्रिशियनकडची स्प्रिंग घालण्याशिवाय मार्ग उरत नाही. केबलबरोबर नायलॉनची एक बारीक दोरीही आत सोडून ठेवावी; पुढे आणखी काही ओढायचे झाले तर तिचा उपयोग होतो. विजेच्या २३० व्होल्टच्या तारा असलेल्या पाइपमध्ये लॅनची केबल कदापि घालू नये. त्यात जीविताचा धोका आहे. पाइप मिळालाच नाही तर स्कर्टिंगच्या कडेने केसिंग-कॅपिंगची पट्टी लावावी. मायवानच्या भिंती घराचा भार वाहत असल्याने तिथे खाच पाडण्याचा विचारही करू नये.

केबल निवडताना पूर्ण तांब्याची कॅट ६ घ्यावी. गिगाबिटसाठी कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत पुरते, त्यामुळे घरासाठी कॅट ७ किंवा ८ अशा छापाच्या महाग केबलची आवश्यकता नाही. सावध राहायचे ते अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या केबलपासून, जी बाजारात सीसीए नावाने आणि कधी कधी नाव न सांगता विकली जाते. तिची तार ब्लेडने खरवडली की आत पांढरी चमक दिसते. अशी तार सॉकेटमध्ये दाबताना तुटते आणि सांध्यापाशी कालांतराने गंजते.

टोकाला आरजे-४५ कनेक्टर (लॅन केबलचा प्लॅस्टिकचा प्लग) लावताना रंगांचा क्रम दोन्ही बाजूंना एकच हवा. आपल्याकडे बहुतेक तंत्रज्ञ बी क्रम वापरतात : पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नये, आठही तारांची टोके कनेक्टरच्या पुढच्या भिंतीला टेकलेली पारदर्शक प्लॅस्टिकमधून दिसली पाहिजेत, आणि बाहेरचे आवरण क्रिम्पिंगच्या (कनेक्टर पक्कडीने दाबून पक्का करण्याच्या) दाबाखाली आले पाहिजे. १०० एमबीपीएसची जोडणी केवळ १, २, ३ आणि ६ या चार तारांवर चालते, गिगाबिटला मात्र आठही लागतात. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतील एखादी तार नीट बसली नसेल तरी नेट चालू राहते, कोणाला काही कळत नाही आणि वेग ९४ वर अडतो. काही शे रुपयांना मिळणाऱ्या लॅन टेस्टरवर दोन्ही बाजूंना १ ते ८ दिवे क्रमाने लागतात का ते भिंतीची प्लेट बंद करण्यापूर्वीच पाहावे.

मागच्या खोलीत केबल पोहोचल्यावर तिथे पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, म्हणजे एका केबलवरून अनेक जोडण्या देणारी पेटी, ठेवावा आणि त्यातून कामाचा संगणक जोडावा. टीव्ही त्याच खोलीत असेल तर तोही केबलवर घ्यावा. अनेक टीव्हींचा लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो आणि तपासणीत वाय-फायपेक्षा कमी आकडा दाखवतो, परंतु फोर-के चित्रपटाला साधारण २५ एमबीपीएस पुरत असल्याने त्याची चिंता नको. मोबाइलसाठी घरात पडून असलेला जुना राउटर कामी येतो. त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा, मुख्य राउटरच्या मालिकेतला पण वेगळा ठेवावा, त्यातील डीएचसीपी (उपकरणांना पत्ते वाटण्याची सोय) बंद करावे आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या इंटरनेटसाठीच्या) पोर्टमध्ये न लावता लॅन पोर्टमध्ये लावावी. हे न केल्यास घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. मग कधी प्रिंटर सापडत नाही, कधी ऑफिसचा व्हीपीएन जोडला जात नाही, आणि तक्रार नव्या रूपात परत येते. वाय-फायचे नाव आणि पासवर्ड दोन्ही राउटरवर एकच ठेवावेत, वाहिन्या मात्र वेगळ्या द्याव्यात.

बंगल्यात किंवा गावाकडच्या घरात मुख्य घरापासून आउटहाउसपर्यंत उघड्यावरून तांब्याची लॅन केबल नेण्याचा प्रघात मात्र सोडावा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात जवळपास वीज कोसळली की अशा केबलमध्ये विद्युतदाब निर्माण होतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. दोन इमारतींमधील अंतर फायबरने आणि दोन मीडिया कन्व्हर्टरने, म्हणजे फायबर व लॅन केबल यांची सांगड घालणाऱ्या पेट्यांनी, जोडावे. काचेतून वीज वाहत नाही.

एवढे झाल्यावर सुरुवातीचीच पिंग मागच्या खोलीत पुन्हा लावून पाहावी. केबलवर उत्तर एक मिलिसेकंदाच्या आसपास आणि रात्री नऊलाही तितकेच स्थिर आले पाहिजे. पुढे कधी वेग पुन्हा ९४ वर येऊन थांबला तर राउटरला हात न लावता प्रथम लिंक स्पीड पाहावा. तो १००० वरून १०० वर आलेला असेल तर कनेक्टर सैल झाला आहे किंवा माळ्यावर उंदराने केबल कुरतडली आहे, आणि लॅन टेस्टरचा कोणता दिवा लागत नाही यावरून दोष कोणत्या जोडीत आहे ते कळते.